डीएचओ साहेब, डीडीपीआय साहेब, पोरांना शुगर बिस्किटानं होते काय? शाळेजवळच्या एका दुकानदाराचं खुलं पत्र

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब, बेळगाव आणि चिक्कोडी दोन्हीकडचे शिक्षण खात्याचे उपसंचालक म्हणजे डीडीपीआय साहेब, आणि गावोगावच्या शाळांतले एसडीएमसीचे म्हणजे शाळा समितीचे मेंबर लोक,

सप्रेम नमस्कार. खानापूर रोडच्या बाजूच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे, मराठी शाळेच्या गेटापासून मोजून चाळीस पावलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पोरगी अजून त्याच शाळेत जाते. मी डॉक्टर नाही, बारावी झालोय, पण गेल्या दोन वर्षांत ह्या एकाच विषयावर एवढं वाचलंय, एवढ्या लोकांना विचारलंय की आता गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय, चुकलं तर सांगा.

दोन वर्षांमागं दसऱ्याच्या सुट्टीत पोरगी पाणी प्यायला लागली. तिसरीत होती तेव्हा. उशाला तांब्या भरून ठेवला की मध्यरात्री रिकामा, परत उठून माठाकडं. मग अंथरूण ओलं करायला लागली, आठ वर्षांची पोरगी, तिची आई रागावली, मीपण रागावलो, ते आठवलं की आजपण घास उतरत नाही. वजन उतरलं, शाळेचा स्कर्ट पिन मारून घालायची, आम्ही म्हटलं उंची वाढायच्या वयात होतंय असं. एक दिवस आईनं दुकानातून मला आत हाक मारली, "अरे न्हाणीत बघ की कसल्या मुंग्या लागल्यात, पोरगी लघवीला जाऊन आली की लागतायत." मी काय केलं असेल? दुकानातला मुंग्यांचा खडू घेतला आणि मोरीभोवती रेघ मारली. सुश्रुतानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय म्हणे, लघवी मधासारखी गोड होते म्हणून मधुमेह, आणि मी खडू मारत बसलो.

चार दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखतंय म्हणाली. जवळच्या दवाखान्यात नेली, पित्त झालंय, व्हायरल चालू आहे, अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. त्या डॉक्टरांचं नाव घेणार नाही, माणूस वाईट नाही, गावाच्या अडीनडीला रात्री दोनला पण दार उघडतो. पण त्याच्या टेबलावर शुगर बघायचं मशीन होतं, माझ्या वडलांची शुगर त्याच मशीनवर शंभर वेळा बघितली असेल, आणि पोरीची बघावी हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यापण नाही. रात्री पोरगी धापा टाकायला लागली, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गाडी करून बेळगावला नेली. तिथल्या सिस्टरनी आल्याआल्या बोटाला टोचलं, मशीनवर आकडाच नाही, इंग्लिशमधी 'हाय' असं आलं. मला वाटलं मशीन बिघडलं. सिस्टर म्हणाल्या आकडा मशीनच्या बाहेर गेला की असं येतं. मग कन्नडमध्ये म्हणाल्या, "सक्करे कायिले," म्हणजे साखरेचा आजार. मला कन्नड येतं, दुकान चालवतो म्हटल्यावर यायलाच पाहिजे, बायको तिकडं महाराष्ट्रातल्या चंदगडची, ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती.

आयसीयूत चार दिवस. वाचली, देवाची आणि त्या सिस्टरची कृपा.

घरी आलो आणि खरं दुखणं सुरू झालं. जो येईल तो एकच वाक्य. "दुकान आहे म्हटल्यावर पोरगी दिवसभर चॉकलेट-बिस्किटंच खाणार की." पाव्हणे, शेजारी, एक गुरुजीसुद्धा. कुणी बायकोला म्हणालं तुझं दूध कमी पडलं असेल, कुणी म्हणालं कोरोनाच्या लसीनं झालं, आता सरकारी मोहिमेत १२ वर्षांखालच्या पोरांना ती लस दिलीच नव्हती, माझ्या पोरीनं सुई बघितलीपण नाही तिची, तरी लसीनं झालं. एकानं तर सांगितलं इंजेक्शन बंद कर, अमुक पावडर दे, महिन्यात बरं होतंय. ऐकलं असतं तर हे पत्र लिहायला मी शुद्धीवर नसतो. बायको सहा महिने कुठल्या लग्नाला गेली नाही.

म्हणून साहेब, पहिली गोष्ट तुमच्या खात्यानं मोठ्यानं सांगायला पाहिजे ती ही, की पोरांच्या शुगरचे मुख्य दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. माझ्या पोरीला आहे तो टाईप वन. शरीराची संरक्षण करणारी जी फौज असते ती चुकून आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उठते आणि त्या संपवते. हे काम महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षं आतल्या आत चालतं, आणि पेशी फार थोड्या उरल्या की मग एकदम तहान, लघवी, वजन. गोड खाऊन हा होत नाही. ऊस खाऊन, गूळ खाऊन टाईप वन होत असता तर गुऱ्हाळाच्या कडेला वाढलेली चिक्कोडी-रायबाग-अथणीकडची पोरं एक शिल्लक राहिली नसती, आणि कुंद्याच्या मिठाईच्या ह्या बेळगावात दवाखान्यांना जागा पुरली नसती.

मग होतो कशानं? इथं मी पण बरेच दिवस अडकलो, कारण मला एक नाव पाहिजे होतं ज्याच्यावर राग काढता येईल. तसं एक नाव नाहीच. काही पोरं जन्मताच असल्या जीन्स घेऊन येतात की धोका जास्त, पण नुसते जीन्स पुरत नाहीत, हुबेहूब जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही, आणि ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकांच्या घरात आधी कुणाला टाईप वन नसतो. माझ्या वडलांना शुगर आहे म्हणून पोरीला आली असं सगळे म्हणतात, त्यांची टाईप टू, त्याचा हिच्याशी तसा संबंध नाही. आणि युरोपात हा आजार कित्येक वर्षं दरवर्षी तीनेक टक्क्यांनी वाढत गेलाय, एवढ्या झटक्यात माणसाचे जीन्स बदलत नाहीत, म्हणजे बाहेरचं काहीतरी बदललंय.

बाहेरचं म्हणजे काय, त्यावर एक गोष्ट वाचली ती आपल्या सीमाभागातल्या माणसाला लगेच पटेल. फिनलंड आणि रशिया ह्यांच्या सीमेवर कारेलिया नावाचा भाग आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं रक्तानं जवळजवळ सारखी, हवा सारखी, मध्ये फक्त सरकारनं आखलेली रेघ. आपल्याकडं जसं इकडं उचगाव आणि तिकडं शिनोळी. तर फिनलंडमध्ये टाईप वनचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त, आणि रेघेच्या पलीकडं रशियन बाजूला त्याच्या साधारण एक षष्ठांश! का, तर एक अंदाज असा की रशियन बाजूला राहणीमान साधं, विहिरीचं पाणी, गुरं, माती, लहानपणी जंतूंशी गाठ पडत राहिलेली, त्यामुळं फौज शहाणी होते आणि फिनलंडच्या चकाचक घरात ती रिकामी बसून स्वतःच्याच माणसांवर उठते. हे अजून शंभर टक्के सिद्ध नाही आणि म्हणून कुणी पोरांना घाणीत लोळवा असं पण मी म्हणत नाही, उलट्या-जुलाबानं मरणारी पोरं आपण विसरलो नाही. पण विचार करा, माझं बालपण गोठ्यात गेलं, माझ्या पोरीचं फरशीवर. आमच्या गावात वीस वर्षांत चाळीस गोठे मोडले असतील.

दुसरा संशय व्हायरसवर आहे. एन्टेरोव्हायरस म्हणून पोटातले व्हायरस असतात, टेडी नावाचा मोठा अभ्यास चार देशांत २००४ मध्ये सुरू झाला, हजारो पोरांवर जन्मापासून लक्ष ठेवलं, त्यात असं दिसलं की हा व्हायरस ज्यांच्या पोटात बरेच दिवस मुक्काम ठोकतो त्यांच्यात पुढं ती आतली लढाई सुरू व्हायची शक्यता जास्त. कोरोनानंतर बऱ्याच देशांत पोरांच्या नवीन केसेस वाढलेल्या दिसल्या, त्याचं कारण काय ह्यावर डॉक्टर लोकांतच भांडण आहे. आणि दुधाचं सांगतो, कारण त्या एका वाक्यानं माझ्या बायकोनं फार सोसलंय. बाटलीतल्या दुधातलं गाईचं प्रोटीन कारण असेल काय हे बघायला १५ देशांत २१५९ बाळांवर ट्रायल झाली, प्रोटीन फोडलेलं खास दूध देऊन बघितलं, २०१८ मध्ये निकाल आला, काही फरक पडला नाही. मी तो निकाल तिला मराठीत सांगितला. ती काही बोलली नाही, चहा ठेवला.

आणखी एक कारण आहे जे वाढ म्हणून दिसतं पण सगळं वाढ नसेल. माझी एक आत्या होती, सातव्या वर्षी गेली. घरात सांगतात "सुकून सुकून गेली", कुणीतरी करणी केली म्हणून त्या घराशी आमचं बोलणं अजून बंद आहे. आता आईला विचारलं, ती पाणी फार प्यायची काय गं? आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुझी आज्जी सांगायची, घागरीला तोंड लावायची म्हणं." अशी किती पोरं नोंद न होता गेली असतील. आता मशीन आहे, इन्सुलिन आहे, पोरं जगतात आणि मोजली जातात. कर्नाटकात टाईप वनच्या पोरांची नोंद ठेवणारी रजिस्ट्री आहे, तिच्या १९९५ पासूनच्या नोंदींवर जो आकडा निघाला तो लाख पोरांमागं वर्षाला साधारण चार नवीन असा होता, फिनलंडला पन्नासच्या वर. चार म्हणजे कमी वाटेल. पण दुकानदाराचा हिशोब लावा, २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ४७ लाखांच्या वर, त्यात पंधरा वर्षांखालची पोरं बारा लाख धरली तरी वर्षाला पन्नासेक नवीन पोरं. ह्यातली किती "व्हायरल" म्हणून ग्लुकोजच्या बाटलीवर जातात हे तुम्हाला माहीत आहे काय साहेब?

आता दुसरा प्रकार, टाईप टू, आणि इथं मला माझ्याच दुकानाबद्दल बोलायला लागणार. हा पूर्वी चाळिशीनंतरचा आजार, आता दहावी-अकरावीच्या पोरांत निघतोय. केंद्र सरकारनं २०१६ ते १८ मध्ये देशभर पोषणाचा सर्व्हे केला त्यात शाळकरी पोरांत दहातला एक प्रीडायबेटिक निघाला, म्हणजे उंबऱ्यावर उभा. लोक म्हणतात आमचं पोरगं बारीक आहे, त्याला कुठली शुगर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं ह्यांचा अभ्यास चालवलाय. आपली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन, पण आपल्या बाळात कमी असतं ते मांस, चरबी जवळजवळ तेवढीच. वरून बारीक आतून जाड. डॉ. याज्ञिकांनी आणि एका इंग्लिश डॉक्टर मित्रानं स्वतःचाच फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तोच २२.३, चरबी मोजली तर इंग्रजाची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१! शर्टावरून कळत नाही हो. ह्याची सुरवात आईच्या पोटात होते, आई शेतात राबून सगळ्यात शेवटी उरलेलं खाते, बी१२ व्हिटॅमिन कमी, फोलेटच्या गोळ्या मिळतात पण बी१२ कडं कुणी बघत नाही, आणि आता गरोदरपणात आईलाच शुगर निघायला लागलीय, त्यानं पोराचा धोका आणखी वाढतो.

असं अर्धं काम आधीच झालेलं पोरगं मग माझ्या दुकानात येतं.

काय विकतो मी, खरं सांगतो. सकाळी घंटेच्या आधी आणि मधल्या सुट्टीत मिळून जेवढा गल्ला होतो तेवढा बाकी दिवसभरात होत नाही. पाच रुपयेवाली कुरकुरीत पाकिटं माळेनं लावलेली, क्रीमची बिस्किटं, दहा रुपयांचं लाल-नारंगी ड्रिंक. कोल्ड्रिंकच्या अडीचशे मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते, मी एकदा पोरांसमोर चमच्यानं काढून दाखवली तर एक पोरगं म्हणालं, "काका, तेवढी साखर तशीच द्या की, स्वस्त पडेल." पूर्वी पोरं चालत यायची, तळ्याकडच्या माळावर विटीदांडू, क्रिकेट. माळावर प्लॉट पडले. आता स्कूल व्हॅन, मग ट्यूशन, मग मोबाईल. शेतकऱ्याचं पोरगं, पण शेतात पाय नाही. वयात येताना तसंही शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यात हे सगळं.

तर मागणं काय आहे ते सांगतो.

इटलीत पार्मा म्हणून जिल्हा आहे. तिथं शाळांत आणि डॉक्टरांकडं साधी पोस्टरं लावली, पोरगं जास्त पाणी पितंय काय, लघवीला जास्त जातंय काय, परत अंथरूण ओलं करायला लागलंय काय, लगेच शुगर बघा. आणि डॉक्टरांना शुगर बघायचं सामान दिलं, बस एवढंच. आधी शंभरातली ७८ पोरं आयसीयूच्या अवस्थेत सापडायची, आठ वर्षांत तो आकडा साडेबारावर आला. पोस्टरला किती खर्च येतो हो? आपल्या एका जत्रेच्या बॅनरांएवढा नाही. फक्त एक विनंती, ते कन्नडसोबत मराठीतपण छापा, उर्दूतपण छापा. मला भाषेच्या वादात अजिबात पडायचं नाही, त्यात माझं आख्खं लहानपण गेलंय, कन्नड मोठ्या अक्षरात असू दे, मराठी खाली बारीक असू दे. माझ्या बायकोला डिस्चार्जच्या वेळी मिळालेला इन्सुलिनचा तक्ता इंग्लिश आणि कन्नडमध्ये होता, तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागं मराठीत उतरून फ्रीजवर लावलाय, सकाळी किती, रात्री किती, आणि कडेला "जेवल्याशिवाय नाही" असं तीनदा लिहिलंय.

सरकारी यंत्रणा शुगर बघते ती तिशीच्या पुढच्यांची, घरोघर येतात, चांगलं आहे. पोरांसाठी आरबीएसके म्हणून सरकारी तपासणी योजना आहे, तिची टीम शाळेत येते, दात बघते, डोळे बघते, वजन करते. त्या टीमला दोनच प्रश्न जास्त विचारायला लावा, रात्री पाण्याला आणि लघवीला किती वेळा उठतोस, आणि वजन मागच्या वेळेपेक्षा उतरलं असेल तर जागेवर बोटाला टोचा. पीएचसीत आणि खाजगीतपण उलट्या किंवा धाप लागलेलं पोरगं आलं की सलाईन लावायच्या आधी शुगर बघायची असं लेखी सर्क्युलर काढा. एका पट्टीचा खर्च वीस-पंचवीस रुपये.

डीडीपीआय साहेब, तुमच्याकडं माझं गाऱ्हाणं थोडं वेगळं. इन्सुलिन घेणाऱ्या पोराची शुगर कधीकधी एकदम खाली जाते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, तेव्हा त्याला साखरच द्यावी लागते, लगेच, घंटा व्हायची वाट बघून चालत नाही. आमच्या पोरीनं वर्गात ग्लुकोजची पुडी फोडली तर बाईंनी काढून घेतली, शुगर आहे आणि साखर खातेस म्हणून. बाईंचा दोष नाही, त्यांना कुणी शिकवलंच नाही. नंतर मी जाऊन समजावलं तर आता त्याच बाई टेबलाच्या खणात पुडी ठेवतात. पण प्रत्येक शाळेत बाप जाऊन समजावणार काय? सीबीएसईनं २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेत असल्या पोरांना खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची परवानगी दिली. आपल्या शाळांत दर वर्षी जूनमध्ये शिक्षकांचा अर्धा तास घ्या, टोचायला एक आडोसा द्या, टॉयलेटला जायला हात वर करून थांबायला लावू नका. आणि क्षीर भाग्य योजनेत शाळेत मिळतं ते सरकारी दूध असल्या पोरांना बिनसाखरेचं मिळेल एवढं स्वयंपाकाच्या अक्कांना सांगून ठेवा, माझी पोरगी बाकीची पितात ते बघत बसते.

राहिलं माझं दुकान. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे, शाळेच्या गेटापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, जास्त तेल-मिठाचा माल विकायचा नाही. माझी चाळीस पावलं म्हणजे तीस मीटर, टेप लावून बघितलंय. मी माळा काढून टाकल्या होत्या, खरंच. पोरगीचं आजारपण डोक्यात होतं. पंधरा दिवसांत पोरं समोरच्या टपरीवर जायला लागली, माझा गल्ला निम्मा झाला, आणि महिन्याला पट्ट्या, सुया, इन्सुलिन ह्यांचा खर्च कुणाला चुकलाय. परत लावल्या. आता शेंगदाणे-गुळाच्या वड्या, फुटाणे, केळी पुढं ठेवतो आणि पाकिटं मागं, तरी पोरं मागूनच घेतात. म्हणून सांगतो, हा नियम सगळ्यांना एकाच दिवशी लावा, मलापण, टपरीलापण, बसस्टँडच्या बेकरीलापण. एकट्याला लावाल तर मी पहिला ओरडणार.

आणि पोस्टर छापलात तर पहिलं माझ्या दुकानाच्या शटरशेजारच्या भिंतीवर लावा, शाळेच्या नोटीस बोर्डापेक्षा तिथं जास्त आया थांबतात. खळ मी करून ठेवतो. फक्त माणूस साडेनऊच्या आधी पाठवा, नंतर गिऱ्हाईक असतं.

आपला,
शाळेजवळचा दुकानदार, आणि पाचवीतल्या एका पोरीचा बाप